माझा बेस कोण दाबतंय?

४ सप्टेंबर

मावशी,

नमस्कार. फोनच करणार होतो, पण मागच्या वेळी तूच म्हणालीस की फोनवर बोलताना मला खिडकीतून मांजर दिसलं की विषय संपतो, तेव्हा काय असेल ते लिहून कळव. म्हणून लिहितोय. मांजर इथेही आहे, पण झोपलंय.

मुद्द्याचं बोलतो. बँडमध्ये कुणीतरी माझा बेस दाबतंय.

हसू नकोस. मी अँपचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा, आवाज नीट लावून ठेवतो, वाजवायला लागतो, आणि दोन गाण्यांत माझं मलाच ऐकू येईनासं होतं. बोटं हलतायत, बेस गिटारच्या तारा थरथरतायत, आणि आवाज कुठे गेला देव जाणे. मग मी बटण वाढवतो. पुढच्या गाण्यात पुन्हा तेच. कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा संशय पैलवानावर आहे. पैलवान म्हणजे आमचा ड्रमवाला, अंगाने काडी आहे म्हणून पैलवान. माझा अँप त्याच्या डाव्या हाताशी असतो. नाहीतर साउंडवाला. तो माणूस माझ्याकडे बघून नेहमी चष्मा पुसतो. मला बघून चष्मा पुसायचं कारण काय?

आणि हे सगळं आत्ताच का, तेही सांगतो. मुकादमांच्या बँडला, म्हणजे आम्हाला, तलावाकाठच्या त्या हॉटेलचं काम मिळालंय, हिवाळाभर, रोज संध्याकाळी. राहायला खोल्या, जेवण तिथेच. मला आयुष्यात पहिल्यांदा एका जागी राहावंसं वाटतंय, यावरून काय ते समज. पण मुकादम म्हणाले, "कोण येणार, कोण नाही, ते क्लबच्या कार्यक्रमानंतर ठरवू." असं म्हणताना त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे सोडून. तू त्यांच्याबरोबर इतकी वर्षं वाजवलंस, तुझ्याच शब्दावर त्यांनी मला घेतलं. त्यांच्या मनात काय असतं, तुला कळत असेल.

तर सल्ला हवाय. मला वाटतं माझा अँपच कमी पडतो. मोठा घ्यावा. शिवाय पाच तारांचा बेस, आणि ती पायाने दाबायची एक-दोन यंत्रं. काल दुकान बघायला गेलो होतो, पण वाटेत एक माणूस नुसती दारांची हँडलं विकत बसलेला दिसला. मावशी, पितळेचा मासा होता एक! शेपटी दाबली की दार उघडतं. ते बघता बघता बेसचं दुकान बंद झालं.

लवकर कळव.

तुझा
भोवरा

९ सप्टेंबर

भोवऱ्या,

आशीर्वाद नेहमीचेच, पुरवून वापर.

काही विकत घेऊ नकोस. पाच तारा नकोत, तुझं चार तारांशीच अजून नीट बोलणं झालेलं नाही. पायाखालची यंत्रं नकोत. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दिवसभर लोकांच्या पायाखाली काय काय सापडतं ते बघते. ज्याला क्लच जमत नाही, तोच गाडी बदला म्हणतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

आता नीट ऐक. तुझा अँप जमिनीवर असणार. जमिनीवरचा अँप तुझ्या गुडघ्यांना ऐकू येतो. तुझे कान गुडघ्यात नाहीत, असं मी तरी आजवर धरून चाललेय. अँप खुर्चीवर ठेव, तोंड तुझ्या डोक्याकडे कर. मग आवाज कमी कर. हो, कमी. खालच्या घुमाऱ्याचं बटण उतरव, आणि मधल्या आवाजाचं, ज्याला तुम्ही लोक मिड म्हणता, ते वर ने. घरी एकट्याने वाजवताना ते कानाला कर्कश वाटेल. वाटू दे. बँडमध्ये तोच आवाज बाकीच्यांच्या मधून वाट काढतो. नुसता घुमारा म्हणजे धुकं.

आणि कमी वाजव. पैलवानाचा पाय मोठ्या ड्रमवर पडतो, तिथे तू पड. तो उचलतो, तिथे तू उचल. मधली जागा रिकामी राहिली की तुला खाज सुटते, मला ठाऊक आहे. खाजवू नकोस.

मुकादमांच्या मनात काय असतं ते त्यांच्या बायकोलाही कळलेलं नाही.

मावशी

१५ सप्टेंबर

मावशी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मी म्हणतोय मला कुणी ऐकू देत नाही, आणि तू म्हणतेस आवाज कमी कर. म्हणजे बुडणाऱ्याला सांगायचं, जरा पाणी पी, बरं वाटेल. कमी आवाज, कमी सूर, कमी घुमारा. असं करत करत शेवटी मी घरीच बसलो तर सगळ्यात छान, नाही का?

तर मी माझ्या पद्धतीने शोध लावला. आमच्या गाणाऱ्या बाईसाहेबांकडून नेलपॉलिश मागून आणलं आणि आवाजाच्या बटणावर ठिपका दिला. बरोबर समोर ठिपका, म्हणजे माझा आवाज. शनिवारी चहाला गेलो, परत आलो, तर ठिपका खाली! चांगला दोन बोटं खाली. पैलवान आपला काड्या पुसतोय, साळसूद.

मी म्हटलं, "ठिपका कुणी फिरवला?"

तो म्हणतो, "कसला ठिपका?"

"हा."

"तुझ्या अँपला कुंकू कशाला लावलंस?"

सगळे हसले. मुकादमही हसले, पण नुसत्या ओठांनी. साउंडवाल्याने चष्मा पुसला.

चोराच्या मनात चांदणं. मी आता गप्प बसणारा नाही. एका ओळखीच्याकडून मोठ्या अँपची पेटी आणली आहे, वापरून बघायला. दोघांनी उचलावी लागते. तिचा नुसता पहिला सूर काढला तर खिडकीच्या काचा बोलायला लागल्या. आता फिरवा म्हणावं बटण.

तू सांगितलेलं खुर्चीचं केलं नाही. ही पेटी खुर्चीवर ठेवली तर खुर्चीचा भुगा होईल. मिडही वर नेला नाही. नेऊन बघितला एकदा खोलीत, एखाद्याला सर्दी झाल्यासारखा आवाज येतो.

मधे दोन दिवस सराव बुडाला. बसचा शेवटचा थांबा कुठे आहे ते मला कुणी सांगेना, म्हणून बसून राहिलो शेवटपर्यंत. तिथे काहीच नाही. एक भिंत आहे. पण भिंत लांबलचक आहे, चालत गेलो तिच्या कडेने.

भोवरा

२१ सप्टेंबर

भोवऱ्या,

पालथ्या घड्यावर पाणी. तरी ओतते, कारण घडा बहिणीचा आहे.

ती पेटी ज्याची आहे त्याला परत कर. पोकळ लाकडी स्टेजवर तसली पेटी ठेवली की स्टेजच ढोल होतं. पैलवानावर आळ घेऊ नकोस. ड्रमवाल्याशी भांडलेला बेसवाला म्हणजे एका चाकाची सायकल, सर्कशीतच शोभते.

दुसरं, गाणारी श्वास घ्यायला थांबते, तिथे तू लगेच घुसतोस. ती जागा तुझी नाही, तिची आहे. लोक तिच्या श्वासाबरोबर थांबलेले असतात, आणि तू मधेच खुर्च्या सरकवल्यासारखा आवाज करतोस.

तिसरं, त्या खांबाला टेकून उभा राहत जाऊ नकोस. तिथून तुला पैलवानाचा पाय दिसत नाही. चार पावलं पुढे ये. आणि सारखं मागे वळून अँपकडे बघणं बंद कर. पाठीमागे पोलीस असल्यासारखा दिसतोस.

मिड वर ने. सर्दी झाल्यासारखा आवाज आला पाहिजे, तो बरोबर आहे. हे मी दुसऱ्यांदा सांगतेय. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

मावशी

२५ सप्टेंबर

मावशी,

कुठला खांब?

मी तुला खांबाबद्दल कधीच लिहिलेलं नाही. शनिवारच्या हॉलमधे खांब आहे, स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात, आणि मी त्याला टेकतो हे खरं आहे. स्टेज पोकळ आहे हेही खरं आहे. पण हे तुला कुणी सांगितलं? मी माझी सगळी वाक्यं आठवून बघितली. मी तुला पितळेच्या माशाबद्दल लिहिलं, भिंतीबद्दल लिहिलं. खांबाबद्दल नाही.

म्हणून मी आज पैलवानाला चहा पाजला. भांडण मिटवायला नाही, त्याच्याकडून काढून घ्यायला. बिस्किट बुडवता बुडवता तो काय बोलला, जसंच्या तसं लिहितो.

"तू का एवढा घाबरतोस? मुकादमांनी बघितलंय कुणीतरी."

"कुणाला?"

"त्यांची जुनी बेसवाली. तिला हिवाळ्याचं विचारलंय म्हणे. तू तिला ओळखत नाहीस का? गाडी शिकवते ती."

बिस्किट त्याचं चहात पडलं, आणि माझं काय पडलं ते मी सांगत नाही.

तर आता मला सगळं दिसतंय. कमी वाजव. आवाज कमी कर. घुमारा काढ. नवीन काही घेऊ नकोस. वा! मी इतका कमी झालो असतो की मुकादमांना मला काढायचीही गरज पडली नसती, ते मला विसरूनच गेले असते. मी इथे पैलवानावर संशय घेत बसलो, साउंडवाल्याच्या चष्म्यावर घेतला, आणि खरी चोर माझी मावशीच निघाली. लोकांच्या मावश्या कानामागून येतात आणि तिखट होतात, तू तर आधीपासूनच होतीस.

तुला माझी जागा हवी आहे. एवढं हो किंवा नाही लिही. खाली आशीर्वाद नको.

भोवरा

३० सप्टेंबर

भोवऱ्या,

हो.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आधीच्या शनिवारी मी आले होते. मुकादमांनी बोलावलं होतं, म्हणाले एकदा ऐकून जा. शेवटच्या रांगेत बसले, मध्यंतरात उठले. तुला भेटले नाही, कारण काय बोलायचं ते ठरत नव्हतं. त्यांनी विचारलं, हिवाळ्याला येतेस का. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते तसंच मिटलं.

तुला वाटत असेल मावशीला या वयात काय सुचलं. मी रोज सकाळी गाडीत डावीकडे बसते. चाक दुसऱ्याच्या हातात. माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक, बस्स. माणसं शिकतात आणि निघून जातात, मी त्याच चौकात परत. तुझ्या आईच्या आजारपणात बँड सुटला तेव्हा वाटलं होतं, वर्षभराचा प्रश्न आहे. बेस पलंगाखाली आहे. आठवड्यातून एकदा काढते, तारा पुसते, दोन तास वाजवते, शेजारणीला वाटतं माझ्याकडे शिवणयंत्र आहे. मी तुझ्यापेक्षा चांगलं वाजवते. हे तुलाही ठाऊक आहे.

म्हणून हो, मला ती जागा हवी आहे.

पण मी जे सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नाही. खुर्ची, मिड, पैलवानाचा पाय, बाईचा श्वास. पटलं तर कर, नाहीतर तुझी पेटी आणि तू. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तू ऐकणार नाहीस, हे मला तुझ्या पहिल्या पत्रापासून ठाऊक आहे.

आशीर्वाद नको म्हणालास, म्हणून लिहिले नाहीत.

मावशी

१२ ऑक्टोबर

मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी रागाने, मग शरमेने. आता काल क्लबचा कार्यक्रम झाला, तर सांगतो.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं, हिला खोटं पाडायचं. पुराव्यानिशी. एवढी हुशार आहे तर शेवटच्या रांगेत जाऊनच बघतो काय ऐकू येतं. क्लबमध्ये दुपारी सगळं जोडून झालं, आवाजाची तपासणी सुरू झाली, आणि मी साउंडवाल्याकडून सगळ्यात लांब वायर मागितली.

तो म्हणाला, "कशाला?"

मी म्हटलं, "मावशीची खोड मोडायचीय."

त्याने चष्मा पुसला आणि वायर दिली. (डोळ्यांना पाणी येतं त्याच्या. धुळीने. मी विचारलं शेवटी.)

मग मी वाजवत वाजवत स्टेजवरून उतरलो. मोठी पेटी मागे, तुझ्या सल्ल्याच्या बरोबर उलटी लावलेली: घुमारा पूर्ण वर, मिड जमिनीत. बाकीचे वाजवतायत, बाईसाहेब गातायत. स्टेजवर मला नेहमीसारखं काहीच ऐकू येत नव्हतं. पहिल्या रांगेपाशी आलो तर पोटात काहीतरी हललं. मधोमध पोहोचलो. मावशी, वरच्या मजल्यावर कुणी घर बदलत असलं ना, कपाटं ओढत, तसा आवाज. त्यातला सूर कुठला ते मला कळेना, आणि बोटं माझीच! बाईसाहेबांचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द एक कळत नव्हता. शेवटच्या रांगेत गेलो आणि तिथल्या खुर्चीत बसलोच. तू जिथे बसलीस तिथे. म्हणजे त्या हॉलमधे नाही, पण तुला कळलं.

तिथे साउंडवाला मागून येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुझ्या अँपला जोडलेली छोटी डबी आहे ना, तिच्यातून तुझा बेस हॉलच्या स्पीकरांना जातो. तो मी कधीचा बंद ठेवलाय."

"का?"

"आता जे ऐकतोयस ते नुसती तुझी पेटी आहे. त्यात अजून काय मिसळू?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की तू बटण वाढवतोस."

मी वाढवायचो, तो कमी करायचा. तो कमी करायचा, मी वाढवायचो. आणि ठिपका पैलवानानेच फिरवला होता. मी विचारल्यावर सरळ म्हणाला, "हो, दर शनिवारी फिरवतो. बाई रडते नाहीतर. घसा बसतो तिचा तुझ्यावर ओरडून."

म्हणजे माझा संशय शंभर टक्के बरोबर होता, मावशी. सगळे माझा आवाज दाबत होते. फक्त कारण मीच होतो.

पेटी त्याच दुपारी परत पाठवली. जुना अँप खुर्चीवर ठेवला, तोंड माझ्या कानाकडे. घुमारा उतरवला, मिड वर. सर्दीचा आवाज. चार पावलं पुढे उभा राहिलो, पैलवानाचा पाय दिसेल असा. आणि रात्रभर फक्त त्याच्या पायावर पाय दिला. जिथे खाज सुटली तिथे ओठ चावले. एका गाण्यात बाईसाहेब श्वासाला थांबल्या, मीही थांबलो, आणि सगळा हॉल थांबला. असं मला कधी झालं नव्हतं. मग आम्ही सगळे एकदम परत आलो आणि मागच्या रांगेतले लोक खुर्च्या मागे सारून उभे राहिले.

माझं मला वाटत होतं, मी काहीच वाजवत नाहीये. सामान बांधताना मुकादम आले. म्हणाले, "आज तू होतास होय? बरं. हॉटेलला गरम कपडे घे, तलावाचा वारा असतो." आणि गेले.

मी जातोय, मावशी. जागा मला मिळाली.

आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तुला ती हवी होती. तरी तू मला सगळं खरं खरं सांगितलंस, पहिल्या पत्रापासून. मी तुला काय काय बोललो! तुझ्या जागी मी असतो तर मोठी पेटी घे म्हणून सांगितलं असतं, वर पाच तारांचा बेस. एवढं मन कुठून आणलंस? पाया पडतो. खरंच, इथे खोलीत वाकलोय, मांजर बघतंय.

तुझा
भोवरा

१८ ऑक्टोबर

भोवऱ्या,

ऊठ. कंबर धरेल.

जागा मिळाली, चांगलं झालं. वाजवलंसही चांगलं असणार, कारण मुकादमांनी मला फोन केला आणि तीन मिनिटं नुसते खोकत होते. त्यांना माझी माफी मागायची असली की खोकला होतो.

आता ते मोठ्या मनाचं. तुझं जेवण गोड लागावं म्हणून सांगते, नाहीतर जन्मभर मला देवघरात बसवशील आणि दर पत्रात वाकशील.

मला जागा हवी होती. तुला मोठी पेटी घे म्हटलं असतं, आणि तू बुडाला असतास, तर ती जागा मला घेता आली नसती. बहिणीच्या पोराला फसवून घेतलेल्या जागेवर बसायचं कसं? पण तुला खरं सांगायचं, अगदी सगळं, खुर्चीपासून बाईच्या श्वासापर्यंत, आणि तू ते ऐकलं नाहीस, तर माझा काय दोष? मी सांगितलं होतं. लेखी सांगितलं होतं. हात स्वच्छ, जागा माझी.

आणि तू ऐकणार नाहीस याची मला खात्री होती. तुला तीन वर्षांचा असल्यापासून बघतेय. गरम आहे म्हटलं की बोट लावतोस, इकडे ये म्हटलं की तिकडे. तिसऱ्या पत्रात मी कबुली दिली तेव्हा तर मी निर्धास्त होते. म्हटलं, आता हा माझ्या सल्ल्याला हातही लावणार नाही. उलट करून बघणार.

तू उलट करायलाच निघालास. माझ्यावर इतका संशय घेतलास की चालत चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेलास. एवढा संशय मी धरला नव्हता. विश्वास ठेवला असतास, तर स्टेजवरच उभा राहून खुर्चीवरच्या अँपला नावं ठेवत बसला असतास, आणि आत्ता मी गरम कपडे घेत असते.

त्यामुळे उपकार वगैरे मानू नकोस. मला ते चावतात.

परवा शाळेत एक नवीन बाई आली, साठीची. गाडी चौकात बंद पडली, मागे भोंगे. मी ब्रेकवरून पाय काढला आणि म्हटलं, तुम्हीच बघा. बाईंनी बघितलं. गाडी गेली. मग मी घरी येऊन पलंगाखालचा बेस काढला, आणि तो परत आत ठेवला नाही. दाराशी उभा आहे. येता जाता ठेच लागते.

मुकादमांनी खोकला थांबल्यावर उन्हाळ्याचं विचारलं. हॉटेल उन्हाळ्यातही त्यांनाच बोलावतंय, आणि बेसवाला पुन्हा नव्याने ठरणार आहे. या वेळी मी लगेच हो म्हटलं.

तेव्हा आता काही अडलं, तर दुसऱ्या कुणाला विचार.

मावशी